नकाशा दुसऱ्याच डोंगराचा

सायकल विकताना इनियाकीने घासाघीस केली नाही.
म्हणाला, चेन नवी आहे, सीट जुनी,
आणि सीटखालच्या पिशवीत काय आहे
ते माझं मलाच आठवत नाही.
निघालं ते असं: पंक्चरच्या दोन चकत्या,
संत्र्याच्या वासाचा एक रुमाल,
आणि घडीवर फाटत आलेला नकाशा,
तेरुएलकडचा, नुसत्या तपकिरी रेघांचा.
रुस्ताकमध्ये त्याचा उपयोग शून्य.
म्हणून तर अजून फेकवत नाही.

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघते.
इस्पितळाच्या फाटकावरचा दुर्मुहम्मद
दर वेळी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघतो,
जणू मोहिमेवर तोच धाडतोय.
बंद बेकरी, पेट्रोलपंप, किल्ल्याची पाठ.
मग गाव संपतं, कात्रीने कापल्यासारखं,
आणि उरतो रस्ता. काळा, कोरा,
अजून कोणाच्याच ओळखीचा न झालेला.

पहिले आठ किलोमीटर फक्त ऐकते.
आठवडाभर लोकांचे गुडघे ऐकते मी,
वाकवा, सोडा, पुन्हा वाकवा,
स्वतःचे ऐकायला हाच एक दिवस.
डावा कुरकुरतो. उजवा सोशीक,
पण जरा लबाड.

रस्ता वादीच्या पात्रात उतरतो
तिथे लाल-पांढरे खांब उभे आहेत,
पूर किती चढला ते दाखवायला.
पाणी नाही. गोटेच गोटे.
खांब आपले ताठ,
सुट्टीच्या दिवशी चुकून आलेल्या पर्यवेक्षकांसारखे.
पलीकडे एक बोर. इथले लोक सिद्र म्हणतात.
मी बोर म्हणते, आणि पुढचे दोन पाय खोडावर टेकवून
शेंडा ओरबाडणारी शेळी
दोन्ही नावांना मान वर करत नाही.

त्या नकाशात जवळजवळ दर डोंगरावर एक शब्द आहे: पुएर्तो.
म्हणजे बंदर, इनियाकी म्हणाला होता.
डोंगरात?
खिंड पण. आमच्यात दोन्हीला एकच.
मी हसले. सांगायचं राहून गेलं
की आमच्यातही एक घाट चढायचा असतो
आणि एक पाण्यात उतरायचा.
त्याच्या बॅगा गाडीत चढत होत्या.

आता हा चढ.
तिसऱ्या वळणाला मी उतरते.
चालत जाते, सायकल म्हातारीसारखी धरून.
लाज कसली, बघतंय कोण?
सुलैयम बघतो.
डोक्यावर लसूणघासाचा भारा, पायात रबरी चपला,
मागून येतो आणि सरळ पुढे जातो.
मागच्या वर्षी याच माणसाला
दहा पायऱ्या चढवायला मला सहा आठवडे लागले होते.
वळून न बघता म्हणतो,
‘शुवय्या, दोक्तोरा, शुवय्या शुवय्या.’
हळूहळू. माझेच शब्द,
माझ्याच वाईट उच्चारात.

वर गाव आहे. चौदा घरं असतील,
खजुरांच्या सावलीत फलजचा पाट,
आणि पाटाशी उतरणाऱ्या पाच पायऱ्या
पावलांनी मधोमध झिजलेल्या.
खालच्या पायरीवर बसते. पाय पाण्यात.
बोटाएवढे मासे येऊन टाचा तपासतात,
काही निदान न करता निघून जातात.
नकाशा मांडीवर उघडते.
हनुवटीवरून घाम ठिबकतो,
तेरुएलच्या कुठल्याशा ओढ्यावर,
जो तुटक रेघेने काढलाय,
म्हणजे बहुधा तोही वर्षभर कोरडाच.
निळी शाई जराशी पसरते.

सुलैयमची सून वाटीभर कॉफी आणून ठेवते,
सायकलकडे बघते, माझ्या गुडघ्यांकडे बघते,
काहीच विचारत नाही.

उतार बारा मिनिटांचा.
त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
दोन्ही हात ब्रेकवर होते.